धाकट्या रुळांचा धनी

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाब्याहून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. १८६७ साली विरारहून मुंबईकडे दिवसाला एक गाडी सुटू लागली, तेव्हाच्या नोंदींत बोरीवलीचे नाव ‘बेरेवला’ असे आढळते. त्या बेरेवल्याचे उपनगर कसे झाले, याची कथा आम्हा बोरीवलीकरांना पाठ आहे. रूळ आले, विजेची गाडी आली, मग माणसे आली. रुळांवर आमची इतकी श्रद्धा, की एकदा घातलेले रूळ कुणी उखडून नेऊ शकते, हे आम्हाला खरेच वाटत नाही.

पण त्याच १९२८ साली, याच साष्टी बेटावर आणखी एक लोहमार्ग सुरू झाला होता. अंधेरीहून कुर्ल्यावरून तुर्भ्याला, म्हणजे इंग्रजांच्या ट्रॉम्बेला, जाणारी ही सुमारे १३ किलोमीटरची साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे. पश्चिमेची उपनगरे पूर्वेच्या उपनगरांना जोडणारी ती गाडी होती. १९३४ मध्ये ती बंद झाली आणि रूळही गेले. पुढे अंधेरी आणि कुर्ला यांच्यामधल्या माळावर विमानतळ पसरला. आज अंधेरीहून कुर्ल्याला रस्त्याने जाताना ज्याचा जीव मेटाकुटीला येतो, त्याला सहसा ठाऊक नसते, की या वाटेवर नव्वद वर्षांपूर्वी आगगाडी होती.

दोन लोहमार्ग, एकच साल, एकच बेट. एक वाढत वाढत चार-सहा रुळांचा झाला, दुसरा सहा वर्षांत मेला. पहिला मोठ्या कंपनीच्या मुख्य मार्गाचा भाग होता. दुसरा दोन मोठ्या मार्गांच्या मधला टाका होता, आणि टाक्याची काळजी घेणे हे कुणाचेच मुख्य काम नव्हते. महाराष्ट्रातल्या छोट्या रेल्वेमार्गांचा इतिहास गेली काही वर्षे मी चाळतो आहे. त्यात पुन्हा पुन्हा हीच गोष्ट समोर येते. छोटी गाडी तोट्याने मरते असे म्हणतात. मला वाटते, बहुतेक वेळा ती निर्नायकीने मरते. तिला चालवणारे असतात, तिच्यावर हक्क सांगणारे असतात, पण तिच्यासाठी उत्तरदायी असा धनी तिच्या मुलखात नसतो.

शकुंतला

या निर्नायकीचे सर्वांत ठळक उदाहरण वऱ्हाडात आहे. मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर मार्गावरचे जंक्शन. तिथून नॅरोगेजचे दोन फाटे निघत. एक कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. तिसरा, याच मालकीचा पण वेगळा तुकडा पुलगाव ते आर्वी, ३५ किलोमीटर. रुळांमधले अंतर अडीच फूट. यांपैकी मूर्तिजापूरच्या गाडीला लोक ‘शकुंतला’ म्हणू लागले, आणि हळूहळू तेच त्या मार्गाचे नाव झाले.

हा मार्ग कापसासाठी जन्मला. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. काळ्या मातीतला कापूस जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून, गठाणी करून मूर्तिजापूरला आणायचा आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबई बंदरात, हा हिशेब. कंपनी रूळ घालणार आणि गाड्या जीआयपी रेल्वे चालवणार, असा करार झाला. मालक एक, चालक दुसरा.

पुढे जीआयपी सरकारकडे गेली, देश स्वतंत्र झाला, १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली. पण या मार्गाचा जुना करार तसाच पुढे चालू राहिला. गाड्या, नोकर, तिकिटे भारतीय रेल्वेची. रूळ आणि जमीन कंपनीची. वापराचा मोबदला कंपनीला. त्यावरून ‘शकुंतला अजून इंग्रजांच्या ताब्यात आहे’ अशी एक दंतकथा वर्तमानपत्रांतून दर दोन-चार वर्षांनी फिरते. ती ऐकायला चटकदार असली तरी दिशाभूल करणारी आहे. किलिक निक्सन ही पेढी मुंबईचीच आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय भांडवलदारांच्या हाती आलेली. शकुंतलेचे दुखणे परकीय मालकी हे नव्हतेच. मालकाला रूळ सुधारण्यात रस नाही, कारण गाडी त्याची नाही. चालकाला रुळांवर खर्च करण्यात रस नाही, कारण रूळ त्याचे नाहीत. आणि ज्या तालुक्यांतून गाडी जाते, त्यांना या व्यवहारात बोलण्याची जागाच नाही. दुखणे होते ते हे.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर राबत होते. सत्तर वर्षे एकच इंजिन टिकले, हे कौतुकानेच सांगितले जाते. मला त्यात सत्तर वर्षांची उपेक्षा दिसते. डिझेल इंजिन आले तरी रूळ जुनेच राहिले, म्हणून वेग मंद ठेवावा लागला. वेग मंद, म्हणून फेऱ्या कमी. फेऱ्या कमी, म्हणून प्रवासी एसटीकडे. प्रवासी एसटीकडे, म्हणून पैसे घालण्यात अर्थ नाही. या गिरमिटात फिरता फिरता गेल्या दशकात एकेका फाट्यावरची गाडी थांबली. मार्ग ब्रॉडगेज करण्याच्या घोषणा झाल्या, बचाव समित्यांची आंदोलने झाली. दरम्यान रुळांमध्ये बाभळी उगवल्या.

शेतमजूर, शाळकरी पोरे, भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया अशी या गाडीची गिऱ्हाइके. एसटीच्या तिकिटाच्या काही हिश्श्यात प्रवास होई, आणि वेळेपेक्षा पैसा ज्यांना महाग होता त्यांना ती परवडत होती. त्यांच्या बाजूने हिशेब मांडणारा कागद मात्र कुठल्याच कार्यालयात नव्हता.

कायद्यातून गळालेला शब्द

हे असे का व्हावे, याचे एक उत्तर आपल्या राज्यघटनेच्या पूर्वेतिहासात आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात केंद्राच्या आणि प्रांतांच्या अधिकारांच्या याद्या होत्या. प्रांतांच्या यादीत रस्ते, पूल, तरी यांच्या जोडीला ‘लहान रेल्वे’ हा विषयही होता. संपूर्णपणे एकाच प्रांतात असलेली आणि संघीय रेल्वेशी सलग जोडलेली नसलेली, अशी लहान रेल्वेची व्याख्या होती. व्याख्या तोकडी होती. मूर्तिजापूरला मुख्य मार्गाला भिडणारी शकुंतला तिच्यात बसली नसती. पण काही रेल्वे या प्रांताच्या, मुलखाच्या असू शकतात, हे तत्त्व तिच्यात मान्य होते.

१९५० च्या राज्यघटनेत राज्यसूचीतली ती नोंद जवळजवळ तशीच उतरली. रस्ते राहिले, पूल राहिले, तरी राहिल्या, नगरपालिकांच्या ट्रामगाड्याही राहिल्या. ‘लहान रेल्वे’ हे शब्द तेवढे गळाले. रेल्वे म्हटली की ती संघसूचीतली. फाळणीने तुटलेले मार्ग, संस्थानांच्या वेगवेगळ्या रेल्वे, डझनावारी कंपन्या हे सगळे एका छत्राखाली आणायचे होते, आणि त्या वेळी ते योग्यच होते. पण एका छत्राखाली घेताना अंगणातली रोपेही छत्राखाली गेली.

एक फट मात्र घटनाकारांनी ठेवली आहे. अनुच्छेद ३६६ मध्ये व्याख्या आहेत. तिथल्या विसाव्या खंडात ‘रेल्वे’त काय मोडत नाही ते सांगितले आहे: एक, संपूर्णपणे नगरपालिका क्षेत्रातली ट्राम, आणि दोन, संपूर्णपणे एकाच राज्यात असलेला असा दळणवळण मार्ग, जो रेल्वे नाही असे संसदेने कायद्याने जाहीर केले आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत महाराष्ट्रात आहे. पाचोरा–जामनेर मार्ग महाराष्ट्रात आहे. नेरळ–माथेरान महाराष्ट्रात आहे. संसदेने एक छोटा कायदा केला, तर असा मार्ग राज्याच्या, आणि राज्याकरवी एखाद्या प्रादेशिक प्राधिकरणाच्या हाती देता येईल. हे दार पंचाहत्तर वर्षे नुसते लोटलेले आहे. कडी लावलेली नाही.

मुलखाच्या मालकीचे जुने दाखले

मुलखाने स्वतःची रेल्वे बाळगावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो कोल्हापूर दरबारच्या मालकीने. गाड्या चालवायला सदर्न मराठा रेल्वे होती, म्हणजे इथेही मालक आणि चालक वेगळेच. फरक एवढाच, की मालक कोल्हापुरात बसत होता, आणि मार्गाचे भले झाले तर त्याच्या रयतेचे भले होणार होते. सांगली संस्थानानेही मिरज–सांगली हा आपला लहानसा फाटा १९०७ मध्ये बांधला.

संस्थाने राजांची होती, असे कुणी म्हणेल. मग तंजावरचे उदाहरण घ्या. तिथल्या जिल्हा मंडळाने, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा परिषदेने, जमिनीवर रेल्वेसाठी वेगळा उपकर बसवला. साठलेल्या निधीतून मायावरम ते मुत्तुपेट मार्ग बांधला आणि तो १८९४ मध्ये सुरू झाला. गाड्या साउथ इंडियन रेल्वेने चालवल्या, मालकी जिल्ह्याची राहिली. मद्रास इलाख्यातल्या इतर जिल्हा मंडळांनीही पुढे हीच वाट धरली. भाताच्या खाचरांवर बसलेल्या कराने आगगाडी उभी राहू शकते, हे एकोणिसाव्या शतकात आपल्याच देशात सिद्ध झाले होते.

आणि मालकी सातासमुद्रापार असली तरी पुढे मार्गाची जमीन सार्वजनिक हातात नीट गेली, तर काय होते, याचा दाखला सोलापूर जिल्ह्यात आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेची कंपनी लंडनची. १८९७ मध्ये तिची गाडी कुर्डुवाडी आणि बार्शीच्या दरम्यान सुरू झाली. मग पंढरपूर, लातूर, मिरज असा विस्तार होत ती सव्वातीनशे किलोमीटरची झाली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली. पुढे अर्धशतक नॅरोगेज म्हणून तिची थट्टा झाली, पण जमीन हातात होती, म्हणून या शतकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज होऊ शकले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ती पंढरपूर, कुर्डुवाडी करीत, म्हणजे जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेने, लातूरला पोचली. कॅल्थ्रॉपच्या आराखड्यात हे पाणी नव्हते. रुळांची पट्टी राखून ठेवण्याचे मोल ते घालवताना कळत नाही; गरज पडते तेव्हा कळते.

नुसता धनी पुरत नाही

इथवर वाचून वाचकांना वाटेल, की स्थानिक सार्वजनिक संस्था नेमली की काम फत्ते. इतिहास तसे म्हणत नाही, आणि त्याचा पुरावा आमच्या मुंबईतच आहे. १८७४ मध्ये घोड्यांनी आणि १९०७ पासून विजेने चालणारी मुंबईची ट्राम ७ ऑगस्ट १९४७ रोजी खासगी कंपनीकडून महापालिकेच्या ताब्यात आली. ट्राम तर राज्यसूचीतच होती; ना दिल्लीचा अडसर, ना लंडनचा. तरीही ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली ती याच महापालिकेच्या बेस्टच्या कारकिर्दीत. बस सोयीची, बस लवचीक, ट्रामचे रूळ मोटारींच्या आड येतात, असे ठरले. संस्थेचे काम ‘प्रवासी वाहून नेणे’ एवढेच होते. ‘रूळ राखणे’ हे तिच्या कर्तव्यात कुठे लिहिलेले नव्हते. जे लिहिलेले नसते ते पहिल्या तंगीत जाते.

दुसरा धडा कोकण रेल्वेचा. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के. ज्यांच्या मुलखातून गाडी जाणार त्यांचे भांडवल आणि त्यांचे संचालक, ही कल्पना आपल्याकडे क्रांतिकारक होती. रोखे विकून पैसा उभा केला आणि अवघ्या आठ वर्षांत दऱ्याडोंगरांतून सातशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. पण बांधणे वेगळे आणि नांदवणे वेगळे. दुहेरीकरणाला, स्थानकांच्या सोयींना पैसा हवा, तो महामंडळाकडे नाही. गोवा, कर्नाटक, केरळ यांच्या पाठोपाठ २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली. ज्या संस्थेला स्वतःची नित्याची मिळकत नाही, ती शेवटी थोरल्या घरी परतते.

तिसरा धडा परदेशातला, पण आपल्याला जवळचा. १९८० च्या दशकात जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने तोट्यातले ग्रामीण मार्ग सोडायचे ठरवले. तेव्हा काही ठिकाणी प्रांत, गावोगावच्या नगरपालिका आणि स्थानिक उद्योग यांनी मिळून कंपन्या काढल्या. इवाते प्रांतातली सान्रिकु रेल्वे १९८४ मध्ये अशी सुरू झाली. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने तिचे रूळ, पूल, स्थानके वाहून गेली. पाचव्या दिवशी, १६ मार्चला, शाबूत राहिलेल्या एका तुकड्यावर तिने गाडी सोडली. पूर्ण मार्ग २०१४ च्या एप्रिलमध्ये उभा राहिला. बाजूचा मोठ्या कंपनीचा एक तुटलेला मार्गही नंतर तिच्याकडेच सोपवला गेला. पाचव्या दिवशी गाडी सोडण्याचा निर्णय तोक्योत झाला नाही, तिथेच झाला.

याच्या शेजारी आपले माथेरान ठेवून पाहावे. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशाने आणि अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने ती गाडी डोंगरावर गेली. २००५ च्या पावसाने मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने गेला, तो २०२२ मध्ये. गाडी दोन्ही वेळा परत आली, कारण वर मोटारींना बंदी आहे, पर्यटक आहेत आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांचे लक्ष आहे. दारव्ह्याच्या आणि अंजनगावच्या बाजूने यांतले काहीच नाही.

वऱ्हाडासाठी काय मागावे

मुंबईने मागितले, मुंबईला मिळाले. १९९९ मध्ये केवळ उपनगरी रेल्वेसाठी मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. ५१ टक्के रेल्वेचे, ४९ टक्के राज्याचे. बोरीवलीच्या फलाटावर उभा राहून मी जी गाडी पकडतो, तिच्यामागे ही मुलखापुरती संस्था आहे. २०१७ मध्ये राज्य आणि रेल्वे यांनी मिळून ‘महारेल’ही उभारले. म्हणजे साचा तयार आहे. तो धाकट्या रुळांसाठी वापरलेला नाही, एवढेच.

रस्त्यांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने हे फार पूर्वी केले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे महामंडळ झाले, आणि पुणे–मुंबईच्या गर्दीच्या पैशांतून आडगावची रिकामी फेरी चालवायची, हे तत्त्व आपण तक्रार करीत का होईना, मान्य केले. एसटी तोट्यात म्हणून कुणी तिचे डेपो विकून गावांना वाऱ्यावर सोडा म्हटले, तर गाव पेटून उठेल. कारण एसटी ‘आपली’ आहे. शकुंतला कुणाची, हा प्रश्न शंभर वर्षांत सुटलाच नाही.

आक्षेप उघड आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला एसटी लवकर पोचते. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे, त्याचा वर्धा–कळंब तुकडा २०२४ मध्ये सुरूही झाला. मग जुन्या रुळांचे लोढणे कशाला? मी म्हणतो, जुनी गाडी जुन्याच वेगाने चालवा असा हट्ट नाही. पण नवा मार्ग यवतमाळला वर्धेशी जोडतो. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव यांना तो शिवतही नाही. उद्या तिथे ब्रॉडगेज हवे असो, विजेची हलकी गाडी हवी असो, की कापसाच्या आणि संत्र्याच्या हंगामात मालगाडी हवी असो, पहिली अट एकच: सलग जमिनीची ती पट्टी शाबूत असली पाहिजे. आज त्या पट्टीला राखणदार नाही. एकदा ती तुकड्यातुकड्यांनी गेली, की नव्याने भूसंपादन करणे कुणाच्याही आवाक्यात राहणार नाही. अंधेरी–कुर्ल्याच्या बाबतीत आम्ही ते भोगतो आहोत. तो पट्टा गेला, आणि पूर्व-पश्चिम जोडायला पुढे मेट्रोचे खांब उभारावे लागले.

म्हणून अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या पाच जिल्ह्यांचे एक लोहमार्ग प्राधिकरण कायद्याने व्हावे, असे मला वाटते. वर सांगितलेल्या इतिहासातून त्याच्या तीन अटी निघतात. पहिली, कंपनीचे जुने करार कायमचे मिटवून जमीन आणि रूळ त्याच्या मालकीचे व्हावेत. गाड्या भारतीय रेल्वेने चालवल्या तरी हरकत नाही, कोल्हापूर आणि तंजावर तसेच करीत होते. दुसरी, त्याला स्वतःची बांधील मिळकत असावी. उपकर असो की बाजार समित्यांच्या शुल्कातला वाटा, दरवर्षी मुंबईकडे हात पसरावा लागू नये. तिसरी, पट्टी अखंड राखणे हे त्याचे कर्तव्य कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहावे, म्हणजे ट्रामसारखी गत होणार नाही. संचालकांत जिल्हा परिषदांचे आणि नगरपालिकांचे सदस्य बहुसंख्य असावेत. त्यांनी पुढे विचारांती गाडी नको असे ठरवले, तर तो निर्णय निदान त्यांचा असेल.

१९१० मध्ये वऱ्हाडच्या काळ्या मातीवर रूळ टाकायचे की नाही, हे मुंबईच्या फोर्टात ठरले. नंतर ते चालवायचे कसे, हे बोरीबंदरला ठरले. रुंद करायचे की नाही, हे दिल्लीत. ज्या गावांच्या शिवारातून ते जातात, त्यांना शंभराहून अधिक वर्षांत एकदाही कुणी रीतसर विचारले नाही. रूळ अजून आहेत, तोवर विचारता येईल.